मदत हवी आहे: ताशी २०० किमीच्या हौशी गाडीला ‘नाही’ म्हणणारा कोणी मिळेल का?

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शेडच्या मागच्या कोपऱ्यात आम्ही काही मित्र सरळ रेषेत पळणारी एकसीटर इलेक्ट्रिक गाडी बांधतोय. लांबट, बुटकी, ड्रायव्हरसकट साधारण ३५० किलो. पहिलं लक्ष्य ताशी २०० किमी. पासिंग करायचं नाही, विकायची नाही, निव्वळ हौस.

आमच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी शर्यतीची गाडी बांधण्याची स्पर्धा) केलंय. टिल्ट टेबलवर गाडी ६० अंश कलवणं, चारही चाकं लॉक करून दाखवणं, ड्रायव्हरने ५ सेकंदांत बाहेर पडणं, पाणी मारून इन्सुलेशन तपासणं, हे सगळं हाताखालून गेलंय. पण तिथे समोर तपासनीस असायचा. त्याने स्टिकर नाही दिला तर गाडी ट्रॅकवर जायचीच नाही. इथे बांधणारे आम्ही आणि पास करणारेही आम्हीच. रात्री अकरा वाजता, चहा झाल्यावर, कुठलाही वेल्ड चांगलाच दिसतो.

उदाहरण देतो. मागच्या हूपच्या (ड्रायव्हरच्या मागच्या संरक्षक कमानीच्या) पायाशी एका जोडात फिशमाउथ (दुसऱ्या पाइपवर बसावा म्हणून टोकाला दिलेला गोलाकार काप) नीट बसला नव्हता, ती फट वेल्डने भरलीय. अर्धे म्हणतात चालेल, अर्धे म्हणतात कापा. वेल्डर म्हणतो, “साहेब, हत्ती उभा करा.” हत्ती मिळत नाही.

पॅराशूटचा हिशोब असा केलाय: ताशी २०० ला, ड्रॅग एरिया (हवा अडवणारं परिणामी क्षेत्रफळ) १ चौ.मी. धरला तर दोरावर साधारण १९० किलोचा ताण येतो, उघडतानाचा झटका वेगळा. ताणाची रेषा गुरुत्वमध्याच्या वरून गेली तर गाडी नाक उचलते, खालून गेली तर शेपूट, इथपर्यंत कळलं. पण हे चाचणीत सिद्ध कसं करायचं? आणि पॅराशूट आहे म्हणून ब्रेक लहान ठेवावेत का? माझं मत साफ नाही असं आहे. वेगाचे विक्रम करणाऱ्या क्रेग ब्रीडलव्हचं १९६४ साली अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर काय झालं ते आठवा: पॅराशूट गेलं, ब्रेक जळाले, गाडी थेट खाऱ्या पाण्याच्या तळ्यात. माणूस वाचला हे नशीब. नुसत्या ब्रेकवर ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट मंदन) धरला तरी २०० वरून थांबायला आम्हाला जवळजवळ ४०० मीटर लागतात.

टायर व्ही रेटिंगचे, म्हणजे ताशी २४० चे. दुकानदाराने स्वस्तात दिले, पण बाजूला तारीख ३५१८ आहे, म्हणजे २०१८ चा ३५वा आठवडा. रबर जुनं, मला ते नकोत. बाकीच्यांना नक्षी कोरीकरकरीत दिसते.

जागेचं काय? पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा ट्रॅक आमच्या खिशाबाहेरचा आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनच्या ड्रॅग शर्यती व्हायच्या, तसं काही मिळवायला कुणाकडून जायचं? एक महाभाग म्हणाला, पहाटे समृद्धीवर मारून येऊ. त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ (रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा गुन्हा) वाचून दाखवलं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
घरी सांगितलंय का?

प्रतिसाद २
ड्रॅग शर्यतींत गाड्या तपासल्या आहेत, म्हणून लिहितो.

तो जोड कापा. डीपी टेस्टने (वेल्डवर रंगीत द्रव लावून भेगा शोधण्याची चाचणी) फक्त वरची भेग दिसते, वेल्ड आत उतरलाय का ते कळत नाही. भरलेल्या फटीत नेमका तोच प्रश्न असतो. पाइपही कॉलेजच्या गाडीचाच, २५ मिमीचा वापरला असेल तर फेरविचार करा. बॉनेव्हिलच्या गाड्यांच्या केजला (ड्रायव्हरभोवतीच्या पाइपांच्या पिंजऱ्याला) साधारण ४१ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा पाइप सर्रास दिसतो.

पॅराशूट: आधी ब्रॅकेट तपासा. चेन पुली ब्लॉक आणि क्रेनचा लटकता काटा भोसरीत कोणीही देईल. झटक्यासाठी १९० ची दुप्पट, वर सुरक्षेसाठी पुन्हा दुप्पट, म्हणजे ८०० किलोच्या आसपास ओढा आणि वेल्ड पाहा. मग तेच पॅक पिकअपच्या मागे बांधून बंद आवारात ताशी ८०-१०० ला उघडून बघा. वेग अर्धा म्हणजे ताण पाव, त्यावरून तुमचा हिशोब जुळतो का ते कळेल. ब्रेकबद्दल तुमचं बरोबर.

टायर परत करा, वाद नको. रिमला चिकटवलेलं १० ग्रॅमचं वजन २०० च्या वेगाला साधारण ७ किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं, वर टेप लावा. व्हॉल्व्हची टोपी प्लास्टिकची नको, धातूची हवी.

धावपट्टी मिळाली तर पूर्ण लांबी पायी चाला, धावेच्या आधी दर वेळी. २०१९ मध्ये अमेरिकेत ऑरेगॉनच्या अल्वोर्ड वाळवंटात वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना जेसी कॉम्ब्स गेल्या त्या पुढचं चाक निकामी होऊन, बहुधा कशावर तरी आदळून. त्याच वर्षी ब्लडहाउंड या ब्रिटिश जेट गाडीने दक्षिण आफ्रिकेत ताशी १०१० किमी गाठले, ते पायरी-पायरीने, प्रत्येक धावेचा डेटा पाहून. त्या मैदानावरचे दगड स्थानिकांनी हातांनी वेचले होते. तुम्हीही ८०, १२०, १५० असं चढा, आणि पुढच्या पायरीची परवानगी ड्रायव्हरकडे ठेवू नका.

जागेसाठी एफएमएससीआयशी (भारतातल्या मोटरस्पोर्टची नियामक संघटना) संलग्न क्लबमार्फत जा. रुग्णवाहिका, विमा, अग्निशमन यांची कागदं तेच मागतील, तीही सवय होईल.

धागाकर्ता
प्रतिसाद १: आईला ‘गाडी’ इतकंच माहीत आहे.

प्रतिसाद २: जोड उद्याच कापतो, टायरही परत करतो. पाइप २५ चाच आहे, म्हणजे केज नव्याने. ते वाकवून टॅक केलं (ठिकठिकाणी तात्पुरतं वेल्ड केलं) की पूर्ण वेल्ड करण्याआधी एकदा शेडवर याल का? पत्ता व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवतो. आम्हाला जमलेलं दाखवायचं नाही, तुम्ही कुठे अडवता ते बघायचंय.