प्रतिसाद: आंतर्द्रव्यजालिका म्हणजे नुसत्या चपट्या पिशव्या नव्हेत

‘आंतर्द्रव्यजालिका म्हणजे केंद्रकाभोवती रचलेल्या चपट्या पिशव्या’ असे ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटले आहे. आंतर्द्रव्यजालिका (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम) म्हणजे पेशीच्या आतली पातळ पटलांची, म्हणजे पापुद्र्यांची, रचना. शालेय आकृतीपुरते ते ठीक. पण ती आकृती पेशीचा पातळ काप दाखवते, आणि कापात आडवी छेदली गेलेली नलिका नुसते लहान वर्तुळ म्हणून उमटत असल्यामुळे ती पुढे कोणाला जोडलेली आहे हे कळतच नाही. १९४५ साली पोर्टर, क्लॉड आणि फुलम या संशोधकांनी काप न घेता अखंड पेशीची पातळ कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, म्हणून त्यांना एकमेकींना जोडलेल्या नलिकांची जाळी दिसली.

या जाळीत बहुतेक ठिकाणी तीन नलिका एकत्र येतात. रेटिक्युलॉन प्रथिने पटलाच्या बाहेरच्या थरात पाचरीसारखी घुसून त्याला बाक देतात, तर अ‍ॅटलास्टिन हे प्रथिन जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा वापरून दोन नलिकांची पटले एकजीव करते. अ‍ॅटलास्टिनच्या जनुकातील बिघाडाने पायांचे स्नायू ताठर करणारा एक आनुवंशिक आजार होतो.

२०१६ मध्ये अतिविभेदी (साध्या सूक्ष्मदर्शकापेक्षा बारीक तपशील दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शनातून असे दिसले, की पेशीच्या कडेला सपाट पत्रे (म्हणजे त्या चपट्या पिशव्या) समजले जाणारे बरेच भाग प्रत्यक्षात दाट विणीच्या नलिका आहेत. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, त्यामुळे या नलिकांमधल्या फटी बुजून जात. तरीही पत्रे मुळी नसतातच, हा दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. लाळग्रंथीच्या स्रावी पेशींत ते एकावर एक रचलेले असतात आणि सर्पिल उतारांनी परस्परांना जोडलेले असतात, हे २०१३ मध्येच दाखवले गेले आहे.