क्युपोलात कोकसोबत श्रेडरचा कचरा चालेल का?

शिरोली_क्युपोला: ग्रे आयर्नची (राखाडी ओतीव लोखंड) फाउंड्री आहे, क्युपोला म्हणजे कोकवर चालणारी उभी वितळण भट्टी वापरतो. टनाला साधारण 120 किलो कोक लागतो. गाड्यांचं भंगार श्रेडरमधून काढल्यावर उरणारा फोम, प्लास्टिक, रबर, चिंध्या असा माल जवळपास फुकट मिळतोय. परदेशात स्टीलवाले वापरतात म्हणे. कोक 5 टक्के कमी करून हा घातला तर?

बेड_कोक: वरून चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) अजिबात नको. हा माल 300 ते 500 अंशांतच वायू होऊन धुराड्यातून जातो, टूयरपर्यंत (खालची वारा फुंकायची नळी) पोचतच नाही. टनामागे 6 किलो कोक काढलात म्हणजे 5 किलो स्थिर कार्बन गेला. 6 किलो कचऱ्यातून अर्धा किलो परत मिळाला तरी खूप. बेड (तळाचा जळत्या कोकचा थर) उतरतो, धातू थंड येतो आणि पातळ सेक्शनला मिसरन (साचा पूर्ण न भरणं) सुरू. फोम वितळून कोकच्या फटीत बसला की वाऱ्याचा दाब चढतो. काच-मातीच्या राखेला चुनखडी जास्त लागते ती वेगळीच.

परदेशातली रीत निराळी आहे. जपानमध्ये केइहिनच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये (खनिजापासून लोखंड काढणारी भट्टी) 1996 पासून प्लास्टिक टूयरमधून आत फुंकायचे; ती भट्टी 2023 मध्ये बंद झाली. निप्पॉन स्टील 2000 पासून कोक ओव्हनच्या (कोळशापासून कोक बनवणारी भट्टी) कोळशात 1 टक्क्याच्या आसपास मिसळते; त्यापुढे कोक ठिसूळ होतो. दोन्ही पद्धतींत निवडलेलं प्लास्टिक, सरसकट कचरा नाही.

गोकुळ_शिरगाव_लॅब: तांब्याचं काय? वायरींचे तुकडे असतातच.

बेड_कोक: कचऱ्यात तांबं 2 टक्के धरा. 6 किलोत 120 ग्रॅम, म्हणजे धातूत 0.012 टक्के. ग्रे आयर्नला त्याने काही होत नाही. फेरिटिक एसजी (गोल ग्राफाइटचं ओतीव लोखंड) ओतत असाल तर मात्र गेट-रनर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांतला उरलेला धातू) परत वितळवताना ते साठत जातं, कारण तांबं स्लॅगमध्ये (वितळलेल्या मळीत) जात नाही. माझ्या मते खरा धोका क्लोरीनचा. पीव्हीसी (क्लोरीन असलेलं प्लास्टिक) जळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, डक्ट आणि बॅगहाउस (धूर गाळणाऱ्या पिशव्यांची यंत्रणा) खातं. शिवाय गॅस 450 ते 250 अंशांतून सावकाश थंड झाला की डायऑक्सिन ही विषारी संयुगं बनतात.

गोकुळ_शिरगाव_लॅब: तपासणी सोपी आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल करा, हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत. गरम तार तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली तर क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे. हे एक्झॉस्टखालीच करा. ढिगासाठी पाण्याची टाकी: पीपी आणि पीई ही क्लोरीन नसलेली प्लास्टिकं तरंगतात, पीव्हीसी बुडतं. पाणी साधंच घ्या, मीठ टाकलंत तर क्लोरीन तुम्हीच वाढवाल.

बेड_कोक: तरंगलेला मालही टूयरमधून फुंकायची सोय असेल तरच कामाचा. आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात इंधन म्हणून कोक लिहिलाय, तोवर ट्रायलसुद्धा घेऊ नका. आधी संमतीपत्रात बदल करून घ्या.