मदत हवी आहे : भरिताच्या वांग्यात अळी, फक्त सेंद्रिय उपाय सांगा (अर्जंट)

तापीकाठ_वावर
राम राम मंडळी. वांग्यात अळी सुटली आहे, भयंकर. रासायनिक चालणार नाही, ते कोणी सुचवू नका. दशपर्णी झालं, निंबोळी अर्क झाला, सापळे लावून झाले. फरक शून्य. परवा तोडा आहे आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाने मागच्या खेपेची निम्मी वांगी परत पाठवली. दोन दिवसांत काम करेल असं काही असेल तर सांगा. यूट्यूब पाहून झालंय, तिथल्या लिंका चिकटवू नका.

काळी_कसदार
कोणती अळी? शेंड्यात की फळात? लावण कधीची? क्षेत्र किती? गाव कोणतं? फोटो टाका.

एकच_जीवामृत
दादा, तुम्ही अळीच्या मागे धावताय, दुखणं जमिनीत आहे. २०० लिटर पाण्यात देशी गाईचं १० किलो ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ढवळत राहा, पाण्यासोबत सोडा. जमीन जिवंत झाली की कीड फिरकतही नाही. माझ्या केळीला एक रुपयाचं औषध नाही.

शेतकरीण_धरणगाव
केळीवर वांग्याची अळी येतच नाही भाऊ, मग औषध लागेलच कशाला? जीवामृत मीही देते. ते जमिनीतल्या जिवाणूंसाठी आहे. फळात शिरलेल्या अळीला त्याचं काय?

एकच_जीवामृत
ताई, जीवामृत सांगणाऱ्या पालेकर गुरुजींना २०१६ ला पद्मश्री उगाच दिली का सरकारने?

शेतकरीण_धरणगाव
पद्मश्रीबद्दल कोण बोललं?

तापीकाठ_वावर
फळात आहे. यावल तालुका. लावण जुलैची, घरचंच बियाणं, हिरवं-पांढरं मोठं भरिताचं वांगं. दीड एकर. फोटो जात नाही, वावरात रेंज नाही. आता उपाय सांगा.

शिरपूरकर_आप्पा
शेंडे वाळेल व्हतात का पहिले? म्हणजे फूल लागाच्या आधी शेंडे मान टाकत होते का?

तापीकाठ_वावर
हो, ऑगस्टात बरेच. पाणी कमी पडलं असेल म्हणून ठिबक वाढवली. त्याचा काय संबंध?

शेतकरीण_धरणगाव
सगळा संबंध तिथेच आहे. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, दोन्हीकडे तीच. फळं लागेपर्यंत ती कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. फळं लागली की देठाच्या टोपीखालून आत जाते, आणि आत गेल्याची खूण जवळपास राहत नाही. आपण जे भोक बघतो ते बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणून तोडताना वांगं चांगलं दिसतं आणि गिऱ्हाइकाने चिरलं की आत घाण.

दशपर्णी आणि निंबोळी वाया का गेलं, तर पतंग अंडी घालतो पानाच्या खालच्या बाजूला. तीन ते सहा दिवसांत अळी निघते आणि लगेच आत घुसते. तुमचा फवारा तिला गाठणार तो एवढ्याच वेळात. एकदा आत गेली की बाहेरून काहीही मारा, तिला पत्ता नाही. रासायनिकवाल्यांचंही तेच होतं, म्हणून तर ते दर चार दिवसांनी पंप पाठीला लावतात.

परवाच्या तोड्यासाठी काही होणार नाही, खोटी आशा देत नाही. वांगी सावलीत नीट निवडा, देठाजवळ बारीक तपकिरी ठिपका दिसला तरी बाजूला काढा, कॅरेट कमी भरलं तर भरू द्या. पुढच्या तोड्यांसाठी मात्र आजच सुरुवात करा. वाळलेला प्रत्येक शेंडा खालच्या हिरव्या भागापर्यंत खुडायचा, किडकं प्रत्येक फळ तोडायचं आणि सगळं वावराबाहेर नेऊन जाळायचं. बांधावर फेकलं तर अळी तिथेच मातीत, पाल्यापाचोळ्यात कोष करते आणि पतंग होऊन परत येते. आठवड्यातून एक फेरी, न चुकता. कंटाळवाणं काम आहे, पण यातच खरा फरक पडतो.

आणि सापळे कोणते लावले ते सांगा.

नवा_शेतकरी_चोपडा
बीटी मारा. संध्याकाळी. मला रिझल्ट होता.

पर्यावरण_मित्र
सेंद्रिय शेतात बीटी??? ऑक्टोबर २००९ ला केंद्राच्या समितीने बीटी वांग्याला परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जनसुनावण्या घेऊन ती रोखली, माहीत आहे ना? जळगावची वांगी देशात नावाजलेली, तीच संपवायची का?

नवा_शेतकरी_चोपडा
अहो साहेब, मी पावडर म्हणतोय. पाण्यात कालवून मारायची.

काळी_कसदार
दोघांच्या डोक्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पावडर म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, तो सेंद्रियमध्ये चालतो. बीटी वांगं म्हणजे त्या जिवाणूचं जनुक घातलेलं बियाणं, ते सेंद्रियमध्ये चालत नाही. पण पावडर अळीच्या पोटात जावी लागते. अळी आत घुसायच्या आधी तिने पान किंवा साल कुरतडली तरच उपयोग, म्हणजे ताईंनी सांगितलेली वेळेची अडचण इथेही आहेच.

बाजारभाव_किंग
बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी बीटी वांगं लावतात. आपण मात्र शेंडे खुडत बसायचं. भावनेवर शेती होत नाही.

पर्यावरण_मित्र
कपाशीत बीटी आणून काय मिळवलं? २०१७ ला गुलाबी बोंडअळीने अख्खा खानदेश-विदर्भ रडवला तेव्हा तुम्ही कुठे होता?

बाजारभाव_किंग
वावरात होतो. तुम्ही कुठे होता?

कृषी_एमएस्सी_धुळे
नमस्कार सर, मी सेंद्रिय भाजीपाला उत्पादकांच्या अडचणींवर प्रबंध करत आहे. आपण माझा सर्व्हे फॉर्म भरू शकाल का? ४२ प्रश्न आहेत, फक्त अर्धा तास लागेल. आपली ओळख गुप्त राहील.

तापीकाठ_वावर
इथे अर्धं पीक चाललंय आणि तुम्ही ४२ प्रश्न काढले. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर आधी द्या मॅडम.
सापळे कामगंध आहेत, एकरी दहा. रोज बघतो, एकही पतंग नाही. म्हणजे पतंग नसेलच ना?

शेतकरीण_धरणगाव
ल्युर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, कशाची?

तापीकाठ_वावर
अळीची. दुकानदाराने दिली, कपाशीला पण तीच देतो म्हणाला.

शेतकरीण_धरणगाव
पाकीट असेल तर त्यावर काय छापलंय ते इथे टाका.

तापीकाठ_वावर
पेक्टिनोफोरा असं काहीतरी. गुलाबी बोंडअळी.

काळी_कसदार
मग एकही पतंग कसा येणार? ल्युरमध्ये त्या त्या जातीच्या मादीचा वास असतो, त्या जातीचा नर त्यालाच येतो. बोंडअळीच्या वासाला वांग्याचा पतंग ढुंकूनही बघणार नाही. वांग्याची ल्युर वेगळी, ल्युसिनोड्स लिहिलेली मागा. सापळाही बदलावा लागेल, कपाशीचा पिशवीवाला नको, पाण्याचा किंवा डेल्टा घ्या आणि झाडाच्या शेंड्याच्या उंचीला लावा. ल्युरची मुदत पाकिटावर असते, ती संपली की बदला.

जैविक_सोल्युशन
एक बाटली सुचवतो, १००% जैविक, २४ तासांत अळी बाहेर येऊन मरते. इनबॉक्स करा.

काळी_कसदार
२४ तासांत अळी मारणारं आणि लेबलवर घटक न लिहिलेलं ‘जैविक’ घेऊ नका. कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे, जैविक कीडनाशकालाही केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक नसेल तर आत काय आहे ते देवच जाणे. नमुना तपासला आणि रासायनिक अंश निघाला तर गिऱ्हाईकही गेलं आणि प्रमाणपत्रही. तुमचं प्रमाणपत्र कोणतं आहे बाय द वे?

तापीकाठ_वावर
पीजीएस, शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो ते. गटात आहोत, अजून ग्रीन म्हणजे रूपांतराच्या टप्प्यात आहे, ऑरगॅनिक व्हायचंय.

काळी_कसदार
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं. रूपांतराच्या काळात एक चुकीचा फवारा पडला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आणि गटातला एक बुडाला की बाकीच्यांवरही शंका येते.

पुणे_पण_जळगावचा
विषयांतर होतंय, पण भरिताचं वांगं बामणोदचं खरं की असोद्याचं? इथे पुण्यात जांभळी वांगी गॅसवर भाजून भरीत म्हणून वाढतात, बघवत नाही.

शिरपूरकर_आप्पा
२०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते जळगावच्या भरीत वांग्याला, एकट्या गावाला नाही. वांगं कुठलंही असो, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं आणि बडगीत कुटलेलं पाहिजे. वर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकर.

पुणे_पण_जळगावचा
आप्पा, पत्ता टाका, येतोच.

शिरपूरकर_आप्पा
काड्यांवरून आठवलं. तापीकाठ भाऊ, मागला सालन्या वांगान्या काड्या कोठे शेतस?

तापीकाठ_वावर
गोठ्याच्या मागे ढीग आहे. आईने चुलीसाठी रचलाय. काय संबंध?

शिरपूरकर_आप्पा
तिथेच तर पतंगांचं घर आहे. वाळलेल्या काड्यांत, सालीच्या फटीत कोष बसून राहतात आणि नवी लावण झाली की बाहेर निघतात. गोठा वावराला लागून आहे ना?

तापीकाठ_वावर
वीस पावलं. पण काड्या जाळायला आई देणार नाही, पावसाळ्याचं जळण तेच आहे. गॅस महाग पडतो म्हणते.

शेतकरीण_धरणगाव
जाळू नका मग. ढिगावर बारीक छिद्रांची नेट टाका, जुनी मच्छरदाणीही चालेल, आणि कडा मातीने दाबून टाका. पतंग निघाले तरी आतच मरतील. आईला सांगा, एका बाजूने थोडं उचलून काड्या काढायच्या आणि परत दाबायचं. पुढच्या वर्षी लावणीच्या आधी वांग्याच्या काड्या संपवा, जळणाला तुरीच्या ठेवा.

एकच_जीवामृत
ढिगावरही थोडं जीवामृत शिंपडा. लवकर कुजेल.

तापीकाठ_वावर
जळण कुजवून कसं चालेल हो?
ताई, आप्पा, नेट आजच टाकतो. ल्युसिनोड्सवाली ल्युर फैजपूर किंवा भुसावळला मिळते का कोणाला माहीत आहे? आमच्या दुकानदाराने हे नावच ऐकलेलं नाही.

नवा_शेतकरी_चोपडा
कृषी विज्ञान केंद्र, पाल. आधी फोन करून विचारा, नाहीतर घाटातून गाडी उगाच चढवाल. ममुराबादच्या केंद्रालाही विचारून बघा.