व्हीलचेअरवरच्या माणसासाठी पुराची बॅग कशी भरता? पावसाळ्याआधी सांगा

कुंभारगल्लीची_ताई
नमस्कार मंडळी, जून लागला की माझ्या पोटात गोळा येतो म्हणून आत्ताच विचारून ठेवते. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्याला राहतो, जयंती नाला हाकेच्या अंतरावर. घरात मी, आई आणि दादा. दादाला गाडीच्या अपघातात मणक्याला मार बसला, कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअरवर असतो, लघवी दर वेळी कॅथेटर घालून काढावी लागते. आईच्या दोन्ही कानांना मशीन आहे, ते काढलं की जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

२०१९ ला रात्री अडीचला पाणी उंबऱ्याला लागलं. गल्लीतल्या पोरांनी दादाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून बाहेर काढलं, त्या पोरांचे उपकार जन्मात फिटणार नाहीत. पण घाईत व्हीलचेअरवरची गादी घरातच राहिली आणि मामाकडं चार दिवस तो लाकडी दिवाणावर सतरंजी टाकून बसला. पाचव्या दिवशी अंघोळ घालताना बघितलं तर मागं रुपयाएवढा लाल चट्टा, त्याची पुढं जखम झाली आणि ती भरायला तीन महिने गेले. पाण्यानं जे केलं नाही ते त्या दिवाणानं केलं. २०२१ ला आधी निघालो पण कॅथेटर चारच होते, हायवे बंद, मेडिकलमध्ये माल येईना.

इंटरनेटवर याद्या बघितल्या, सगळीकडं टॉर्च बिस्किटं आणि मेणबत्ती. दादासारख्या माणसासाठी काय भरायचं, कुठं ठेवायचं आणि घर कधी सोडायचं, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

चाकांवरचा_बावडेकर
ताई, मी स्वतः चौदा वर्षं चेअरवर आहे म्हणून मनापासून लिहितो. पहिली गोष्ट, यादी तुम्ही करू नका, दादाला करू द्या. त्याला म्हणावं सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत ज्या ज्या वस्तूला हात लागतो ती लिही. माझी अशी यादी केली तेव्हा त्यात आरसा निघाला. मागची कातडी रोज बघायला मी छोटा आरसा वापरतो, तो घरातल्या कुणाच्या डोक्यात आला नसता.

कॅथेटरचा हिशोब साधा हाय. दिवसाला पाच वेळा म्हटलं तर सात दिवसांचे पस्तीस, वर पाच-सात जादा धरा, जेली, हातमोजे, सॅनिटायझर आणि वापरलेलं टाकायला काळ्या पिशव्या. हे सगळं झिपच्या जाड पिशवीत घालून मग बॅगेत. गादीला दोरी बांधून चेअरलाच अडकवून ठेवा म्हणजे चेअर निघाली की गादी निघाली. चाकाची ट्यूब, छोटा पंप आणि पाना. इलेक्ट्रिक चेअर असेल तर ती विसरा, तिचं वजन बोटीत कोण घेणार, घरात एक घडीची साधी चेअर पाहिजेच.

आणि उचलणाऱ्यांना आधी सांगून ठेवा की चेअर हँडरेस्टला धरून उचलायची नाही, ते निखळून हातात येतं आणि माणूस खाली. मागच्यानं पुश हँडल, पुढच्यानं पुढची फ्रेम, आणि बसलेला माणूस एक दोन तीन म्हणेल तेव्हाच उचलायचं.

कधी निघायचं याचं माझं उत्तर पक्कं आहे. पंचगंगेचं पाणी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ धोका पातळी. लोक ४३ ची वाट बघतात. आपण ३९ ला घर सोडायचं, तेही दिवसा उजेडी. ज्याला पळता येतं त्याला ४३ परवडतं ताई, आपल्याला नाही. दोनदा उगाच गेलो आणि पाणी आलंच नाही असं माझ्याबरोबर झालंय, तरी तिसऱ्यांदा जाणारच.

सिस्टर_घरोघरी
मी घरी जाऊन पेशंट बघते, बेडसोअर रोजचं काम आहे. ताईंनी लिहिलेला लाल चट्टा वाचून वाईट वाटलं कारण तो टाळता येतो. शिबिरात किंवा पाहुण्यांकडं गेलं तरी झोपलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, बसलेल्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलायचं नाहीतर बाजूला झुकायचं. फोनमध्ये गजर लावा. ओले कपडे अंगावर राहू देऊ नका, पुरात चट्टे लवकर पडतात ते ओलीमुळं. लाल जागा दाबून बघा, बोट काढल्यावर पांढरी न होता लालच राहिली तर त्या जागेवर भार बंद आणि डॉक्टरला दाखवा, आणि कृपा करून तिथं चोळू नका, तेल तर अजिबात नको.

औषधं कमीत कमी दहा दिवसांची, प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्स प्लास्टिकमध्ये. फिटच्या गोळ्या कुणाच्या चालू असतील तर एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत, अचानक बंद केल्या की फिट येते. इन्सुलिनवाल्यांनी लाईट गेली म्हणून घाबरू नये, वापरातली बाटली साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला चालते, उन्हात आणि गॅसजवळ ठेवू नका, माठाजवळ ओल्या फडक्यात डबी ठेवली तरी भागतं. बॅगेतल्या गोळ्या दर महिन्याला बदला, जुन्या वापरायला काढा आणि नव्या आत.

राजारामपुरी_तिसरा_मजला
आमच्याकडं पुराचं पाणी येत नाही म्हणून आम्ही निवांत होतो पण २०१९ ला नळाला पाणी नाही, लाईट नाही, लिफ्ट बंद आणि बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर. त्यामुळं वर राहणाऱ्यांनी पण हा धागा वाचावा. आमचं पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट ओढतं, दीडशे एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर कागदावर पाच तास येतात पण प्रत्यक्षात साडेतीन-चारच्या वर गेले नाहीत, त्यात फॅन आणि टीव्ही चालू असेल तर अजून कमी. आता घरात ऑक्सिजनचा एक बी टाईप सिलिंडर भरून ठेवतो, दोन लिटरच्या फ्लोला तो साधारण बारा तास जातो. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधलेला, कारण त्या रात्री सिलिंडर मिळाला होता आणि पाना मिळत नव्हता, शेजाऱ्यांची अख्खी टूलबॉक्स पालथी घातली तेव्हा बसला. तळमजल्यावाल्यांनी इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवू नका, कमरेच्या वर स्टँडवर घ्या. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरा, वापरायचं वेगळं, आणि कॅथेटरवाल्यांना हात धुवायला जादा लागणारच.

पांढरी_काठी
ताई तुमच्या आईंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला दिसत नाही, माझ्या बायकोला कमी ऐकू येतं, त्यामुळं दोन्ही बाजू घरात आहेत. आई झोपताना मशीन काढून कुठं ठेवतात ते बघा. डबी उशाला दोरीनं बांधा, ओल शोषणारी पुडी त्यात घाला, आणि बॅटरीचं पान जादा आणा. त्या बॅटरीचा स्टिकर काढला की ती वापरली नाही तरी उतरते, म्हणून तयारी म्हणून आधीच स्टिकर काढून ठेवू नका. रात्री लाईट नसताना त्यांच्याशी बोलायचं तर टॉर्च त्यांच्या तोंडावर नाही, आपल्या तोंडावर मारायचा, म्हणजे त्यांना ओठ दिसतात. हे मला बायकोनं शिकवलं. पाच-सहा कार्डं पण लिहून ठेवा, मला ऐकू येत नाही, माझी गोळी राहिली, मुलगा कुठं आहे, असं.

माझ्यासारख्यांचं सांगतो. सकाळच्या औषधाच्या बाटलीला एक रबर, रात्रीच्या बाटलीला दोन. बॅग वर्षभर एकाच खुंटीवर, कुणी हलवायची नाही. गुडघाभर पाण्यात काठी उपयोगाची नाही, उघडा मॅनहोल काठीला कळेपर्यंत पाय गेलेला असतो, तिथं डोळस माणसाचा खांदाच धरायचा. पुरातून काढून शाळेतल्या शिबिरात उतरवलं की पहिलं काम म्हणजे भिंतीला हात लावून अंथरुणापासून संडासापर्यंत पावलं मोजणं, मग चहा.

आपत्ती_मित्र_शिरोळ
बोट चालवणाऱ्या पोरांबरोबर मी दोन्ही पुरात होतो. आमच्यापर्यंत खबर येते ती "तिथं चार माणसं अडकलीत" एवढीच. त्यात एक चालू शकत नाही हे तिथं गेल्यावर कळतं आणि मग खुर्ची नाही, माणसं कमी, दुसरी फेरी. म्हणून १०७७ ला किंवा ११२ ला फोन करताना पहिल्या वाक्यातच सांगा की चालता न येणारा माणूस आहे, वजन किती, खुर्ची घडीची आहे का. पावसाळ्याआधीच वॉर्डात आणि जिल्हा आपत्ती कक्षात नाव लेखी द्या आणि पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ८ मध्ये लिहिलंय की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांना द्यायची, त्यामुळं मागताना संकोच करायचा नाही, तो हक्क आहे. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स जोडा.

कुंभारगल्लीची_ताई
सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री दादाला सगळं वाचून दाखवलं. त्यानं स्वतः वहीत यादी केली, बत्तीस वस्तू झाल्या आणि त्यातल्या अकरा माझ्या डोक्यात कधीच आल्या नव्हत्या, आरसा त्यात होताच. गादीला आजच नाडी शिवून चेअरला बांधली. आईची डबी उशाला बांधली, टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारून बोलून बघितलं तर आई म्हणाली आता कळतंय गं, इतके दिवस नुसता उजेड मारत होतीस.

३९ फुटाचं मात्र घरात ठरवताना वाद झाला. दादा म्हणतो मामाकडं दर वेळी उगाच जाऊन पडायचं त्याला जड जातं, तिथं संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि प्रत्येक वेळी दोघांनी उचलावं लागतं. हे तो इतकी वर्षं बोलला नव्हता. तर आता कमोड खुर्ची आत्ताच मामाकडं नेऊन ठेवायची असं ठरलंय, ती तिथंच राहील.

रविवारी गल्लीतली दोन पोरं येणार आहेत, दादा त्यांना चेअर कशी धरायची ते शिकवणार. बावडेकर दादा, जमलं तर तुम्ही पण या, पायऱ्या तीनच आहेत, फळी टाकून ठेवते.