मदत हवी आहे: गोठ्यातला कॅमेरा दिवसा दिसतो, अंधार पडला की लाइव्ह चित्र जातं

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असते, आई-आबा तासगाव तालुक्यात गावी. घराला चार आयपी कॅमेरे बसवून घेतलेत, तीन घराभोवती आणि एक मागे गोठ्यात. सगळी भिस्त गोठ्यातल्यावर आहे. गायीचे दिवस भरत आलेत आणि आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रात्री दोन-तीनदा बॅटरी घेऊन ते गोठ्यात जातात, ते थांबावं म्हणून तर हा कॅमेरा घेतला. आणि नेमका तोच रात्री दिसत नाही.

दिवसभर चित्र स्वच्छ. संध्याकाळी सातच्या सुमारास जातं, ॲपवर नुसतं चक्र फिरत राहतं. मध्येच अर्धा मिनिट चित्र येतं, परत गायब. उजाडलं की आपोआप सुरू. एनव्हीआरमधलं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा घरातला डबा) रेकॉर्डिंगही रात्रभर तुटक आहे, म्हणजे इंटरनेटचा दोष नसावा. बाकीचे तीन कॅमेरे रात्रीही व्यवस्थित चालतात.

शनिवारी लॅपटॉप घेऊन गावी गेले. व्हिडिओचा फॉरमॅट एच.२६५ चा एच.२६४ केला, बिटरेट कमी केला, सबस्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) लावून पाहिली, दोन कॅमेऱ्यांना एकच आयपी पत्ता तर नाही ना तेही बघितलं. दिवसा व्हीएलसी प्लेअरमध्ये ५५४ पोर्टवरून चित्र लगेच येतं, पिंगही (कॅमेरा नेटवर्कवर उत्तर देतो का ती चाचणी) १-२ मिलिसेकंद. रात्री पिंगलाच उत्तर नाही. मग कॅमेऱ्याखाली जाऊन उभी राहिले. 'टक्' असा बारीक आवाज आला, लाल दिवे मंद पेटले, काही सेकंदांत विझले. मिनिटभराने परत टक्. रात्रभर हेच.

पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) माजघरात आहे. तिथून गोठ्यापर्यंत केबल साधारण ९० मीटर, पाण्याच्या टाकीजवळ एक जोड आहे, त्याला टेप गुंडाळलीय. बसवणारे कॅमेराच बदला म्हणतात. खरंच बदलावा का? जाणकारांनी कृपया सांगावं, हाताशी फार दिवस नाहीत.

प्रतिसाद:
ताई, कॅमेरा बदलू नका. तो टक् आवाज लेन्समागचा फिल्टर सरकल्याचा. अंधार झाला की फिल्टर बाजूला होतो, ते लाल इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा एकदम जास्त वीज ओढतो. लांब केबलमध्ये व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात हा भार पेलत नाही, कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. साध्या पीओईत स्विच १५.४ वॅट देतो, १०० मीटरवर १२.९५ वॅट मिळतील असा हिशेब असतो, पण तो तांब्याच्या चांगल्या केबलचा. ब्लेडने तार खरवडून बघा, आत चांदीसारखी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे.
आज रात्री सेटिंगमध्ये इन्फ्रारेड बंद ठेवा आणि गोठ्यात बल्ब लावा. कॅमेरा टिकला, तर दोष विजेचाच.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार! काल इन्फ्रारेड बंद केलं, साधा एलईडी बल्ब लावला. रात्रभर चित्र एकदाही गेलं नाही. मी तीन वाजता उठून बघितलं, गाय रवंथ करत बसली होती. आबांनाही फोनवर दाखवलं, ते बाहेर गेलेच नाहीत.

सकाळी आबांनी जोडावरची टेप सोडून फोटो पाठवला. आत ओल, तारांवर पांढरी भुकटी जमलीय. खरवडली तर आत चांदीसारखीच.

आता तांब्याची एकसंध केबल ओढायची ठरवतेय. गोठ्यात १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लावणं स्वस्त पडेल, पण लाइट गेली की तो बंद पडणार. स्विच इन्व्हर्टरवर आहे, गोठा नाही. एकच विचारायचंय: शेवटचे वीसेक मीटर उघड्यावर, उन्हापावसात आहेत. तिथे पाइपातूनच न्यावी, की बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची केबल पुरेल?