क्रिकालेव्ह खरंच वर 'अडकला' होता का?

खारघरची_आई
लेक आठवीत आहे. शाळेत पाच मिनिटं बोलायचंय आणि विषय तिनेच निवडलाय, सोव्हिएत अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्ह. सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की सोव्हिएत संघ बुडाला, माणसाला खाली आणायला पैसे उरले नाहीत आणि बिचाऱ्याला 311 दिवस मीर या अंतराळ स्थानकावर विसरून गेले. गोष्ट झकास आहे, पण त्यांच्या विज्ञानाच्या बाई उलटतपासणी घेतात. खरं किती नि मीठमसाला किती?

ठाणे_लोकल
आकडा बरोबर आहे. 18 मे 1991 ला बैकानूरच्या उड्डाणतळावरून वर गेला, 25 मार्च 1992 ला उतरला. मधल्या काळात देश गेला, गावाचं नावसुद्धा बदललं. निघाला तेव्हा गाव लेनिनग्राड होतं, परतला तेव्हा त्याचं सेंट पीटर्सबर्ग झालेलं. 'विसरले' वगैरे मला पटत नाही, पण नीट माहीत नाही. चीफकाका सांगतील.

चीफ_नेरूळ
आलो. 31 वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे 'रिलीव्हर (बदलीचा माणूस) आला नाही' या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो!

ताई, आधी तारखा बघा. क्रिकालेव्हला जुलै 1991 मध्येच विचारलं होतं, आणखी राहशील का म्हणून. तो हो म्हणाला. मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले ते ऑगस्टमध्ये, आणि सोव्हिएत संघ संपला डिसेंबरमध्ये. म्हणजे त्याचा मुक्काम वाढला तेव्हा देश जागेवर होता.

मग वाढला का? पैशाची चणचण होती, तेवढं फॉरवर्डमधलं खरं. दोन उड्डाणांचं एक केलं. ऑक्टोबरच्या त्या यानात तीनच जागा. एक कमांडर अलेक्सांदर व्होल्कोव्ह, एक ऑस्ट्रियाचा पाहुणा आणि एक कझाकस्तानचा तोख्तार औबाकिरोव्ह. बैकानूर कझाकस्तानात, तेव्हा त्यांचा माणूस नेणं भागच होतं. पण दोन्ही पाहुणे आठवड्याभराचे. क्रिकालेव्हच्या जागी स्थानक सहा महिने चालवू शकेल असा फ्लाइट इंजिनिअर त्या यानात नव्हताच. आमच्याकडे सेकंड इंजिनिअर उतरायच्या दिवशी त्याच्या जागी ऑफिसचा सुपरिंटेंडंट चढतो, दोन दिवस फिरून उतरतो, आणि सेकंड पुन्हा बॉयलर सूट चढवतो. अगदी तसंच. जोडीचा आर्तसेबार्स्की पाहुण्यांबरोबर घरी गेला, क्रिकालेव्ह व्होल्कोव्हबरोबर मागे राहिला.

फॉरवर्डवाले व्होल्कोव्हचं नावच घेत नाहीत. देश बुडाला तेव्हा तोही वरच होता की! दोघं एकत्र उतरले. एकटा माणूस दाखवला की डोळ्यांत पाणी लवकर येतं, दुसरं काय.

आणि सोयूझ यान कायम स्थानकाला जोडलेलं असायचं. ती लाइफबोट. कधीही बसून निघता आलं असतं. पण मीर रिकामं पडलं असतं. असं रिकामं स्थानक म्हणजे काय ते क्रिकालेव्हला पुरतं ठाऊक होतं. 1985 मध्ये सॅल्यूत-7 बंद पडलं, तेव्हा त्याला जाऊन पकडायचं कसं, हे जमिनीवरून आखणाऱ्यांत तो होता. चालतं जनरेटर सोडून कुठला इंजिनिअर गँगवेवरून उतरतो?

2020 मध्ये मी सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर गेलो नि अकरा महिन्यांनी उतरलो. कुठलंच बंदर साइन ऑफ देईना. कंपनीचा दर आठवड्याला तोच मेल, 'सहकार्याबद्दल आभार'. सातव्या महिन्यानंतर मला माणसांचा कंटाळा आला, तेल गाळणाऱ्या प्युरिफायरचा नाही. मशीन रोज काहीतरी नवीन मागतं. क्रिकालेव्ह त्या मुक्कामात सात वेळा स्थानकाबाहेर पडला. जुलैमध्ये त्याने आणि आर्तसेबार्स्कीने सोफोरा नावाचा 14 मीटरचा मनोरा उभारला आणि वर लाल झेंडा लावला. काम उरकताना आर्तसेबार्स्कीच्या हेल्मेटची काच आतून धुक्याने भरली, दिसेना. क्रिकालेव्हने त्याला धरून आत आणलं. मुलीला हे सांगायला सांगा. विसरलेल्या बिचाऱ्यापेक्षा कितीतरी चांगली गोष्ट आहे.

झेंड्याचं म्हणाल तर मी भारतीय, मालक ग्रीक, जहाजावर पनामाचा झेंडा. पनामा मी कालव्यापलीकडे पाहिलेला नाही. इंजिनाला त्याचं काही नसतं.

ठाणे_लोकल
काका, पण उतरला तेव्हाचा फोटो बघवत नाही. पांढराफटक, घामाघूम, चौघांनी धरलंय.

चीफ_नेरूळ
ते देशाच्या दुःखाने नव्हे रे, वजनाने! वर शरीराला भार नसतो, दर महिन्याला कंबर-खुब्याची हाडं शेकडा एकाच्या आसपास झिजतात. म्हणून रोज दोन-दोन तास व्यायाम. तरी जमिनीवर आल्यावर स्वतःची मानच जड वाटते.

शिवाय तो खचला असता तर पुन्हा गेला असता का? 1994 मध्ये अमेरिकी शटलमधून उडणारा पहिला रशियन तोच. 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या पहिल्या तुकडीतही तो. सहा उड्डाणांत मिळून 803 दिवस. पुढे गेन्नादी पडाल्का या रशियन अंतराळवीराने त्याला मागे टाकलं आणि 2024 मध्ये ओलेग कोनोनेन्को हा आणखी एक रशियन हजाराच्या वर गेला, पण मला क्रिकालेव्हच आवडतो.

ताई, ते आंतरराष्ट्रीय स्थानक खारघरच्या गच्चीवरूनही दिसतं. संध्याकाळी, दिवा न लुकलुकता सरकत जातो. लांबच्या अँकर लाइटसारखा, फक्त हा पळतो. वेळ आधी बघून ठेवा, चार-पाच मिनिटंच मिळतात.

खारघरची_आई
काका, तिला वाचून दाखवलं. हेल्मेटचा किस्सा पक्का झाला, फॉरवर्ड बाद. तिचा एकच प्रश्न आहे, वाढीव महिन्यांचा पगार मिळतो का?

चीफ_नेरूळ
हुशार आहे. जानेवारी 1992 मध्ये रशियाने भावांवरचं नियंत्रण उठवलं आणि रूबलची माती झाली, तेव्हा त्याच्या हातात काय उरलं असेल ते तिनेच गणित करावं. मला मिळाला. बोनस मात्र अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.