मास्तरांनी स्वतः स्क्रीन रेकॉर्डिंग करावं, की सरकारच्या दीक्षा ॲपवर आहे ते दाखवावं?

तापीकाठचा मास्तर
परवा आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथं टाकतोय. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक शिक्षकाने आपापल्या वर्गासाठी दोन-तीन मिनिटांची स्क्रीन रेकॉर्डिंगं स्वतः करावीत. फार काही लागत नाही भो, अँड्रॉइड ११ पासून रेकॉर्डर फोनमध्येच येतो, वरून पट्टी ओढायची, माईक चालू करायचा आणि कोऱ्या पानावर बोटाने लिहीत बोलायचं. आता पाचवीच्या पोरांना १/२ अधिक १/३ दिलं की निम्मा वर्ग २/५ लिहून मोकळा, वरच्याची वरच्यात बेरीज, खालच्याची खालच्यात. माझ्या क्लिपमध्ये मी आधी भाकर काढतो, अर्धी रंगवतो आणि विचारतो, अर्धी भाकर होती, तिच्यात अजून तुकडा टाकला, तरी ती अर्धीपेक्षा कमी कशी काय झाली रे? २/५ म्हणजे अर्ध्याहून कमीच ना. मग भाकरीचे सहा समान भाग, तीन आणि दोन, ५/६, विषय संपला. बोलतो अहिराणीत, "आते दखा, खाले काय शे?" असं. दीक्षावर अपूर्णांकाचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण आपल्या पोरांनी काल वहीत केलेली चूक त्यात कोण धरणार?

निवृत्त हेडबाई
सर, तुमचा हेतू चांगला आहे पण पुढं काय होतं ते आम्ही बघितलंय. आज स्क्रीन रेकॉर्डिंग, उद्या रिंगलाईट, परवा रील. फॅशन मॉडेलचं ठीक आहे, तिचं करिअर कॅमेऱ्यावरच उभं, आणि त्या धंद्यात तिशी आली की बहुतेकींचं काम आटायला लागतं. मास्तराचं नेमकं उलट, वय वाढेल तसा मास्तर पिकतो, मग त्याला कशाला हवाय कॅमेरा? अमळनेरला साने गुरुजींनी कुठं व्हिडिओ केले होते?

भरीत पार्टी
बाई, स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तोंड दिसतच नाही हो!! फक्त पान, बोट आणि आवाज. उलट मास्तराला मॉडेल व्हायचं नसेल तर हाच सगळ्यात सेफ प्रकार आहे. आणि गुरुजींचं काढलंच तुम्ही तर, अमळनेरच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी ते स्वतः हाताने लिहून दैनिक काढायचे, पुढं १९२८ ला 'विद्यार्थी' मासिक काढलं. बाहेर छापील पुस्तकं काय कमी होती का तेव्हा? तरी आपल्या पोरांसाठी आपण लिहायचं असं त्यांना वाटलंच ना.

धडगावकडचा
तुम्ही सगळे सपाटीवरचे लोक बोलताय. आमच्याकडे घरात एक फोन असतो, तो बापाच्या खिशात, आणि बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला, बऱ्याच वेळा पोरंही सोबत जातात. रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. क्लिप करून व्हॉट्सॲप गटावर टाकली तर पाहणार कोण, मीच? दुसरं असं की तुम्ही अहिराणीचं कौतुक सांगताय पण आमच्या पोरांना तीही परकीच, घरी पावरी नाहीतर भिली. त्यापेक्षा मी फळ्यावर दोनदा शिकवीन, पोरगं समोर आहे तोवर त्याच्या तोंडाकडे बघून कळतं समजलं का नाही ते. व्हिडिओला पोराचं तोंड दिसत नाही.

एरंडोलचा इंजिनियर
लांबीबद्दल सांगतो, कारण यावर नीट काम झालंय. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्समधले व्हिडिओ लोक कसे बघतात यावर फिलिप ग्वो आणि मंडळींचा २०१४ चा अभ्यास आहे, सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याची नोंद तपासली होती. सहा मिनिटांच्या वर लोक टिकत नाहीत हे त्यात दिसलं, आणि नुसत्या स्लाईडपेक्षा हाताने लिहीत-काढत समजावलेलं जास्त बघितलं जातं हेपण. म्हणजे मास्तरांचं बोटाने लिहिणं बरोबरच आहे. फक्त स्क्रीनवर पूर्ण वाक्य लिहून तेच मोठ्याने वाचू नका, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत त्याने शिकणं सहसा कमीच होतं असं निघालंय. चित्र दाखवा आणि बोला.

निवृत्त हेडबाई
ते कोर्स कॉलेजचे आणि मोठ्या माणसांचे. आणि बघितलं म्हणजे शिकले असं कुठं असतं? आमच्या शेजारचा पोरगा दिवसभर बघतच असतो.

एरंडोलचा इंजिनियर
हे मात्र खरंय बाई, त्या अभ्यासात किती वेळ बघितलं आणि नंतरचा प्रश्न सोडवायला घेतला का एवढंच मोजलंय, किती समजलं ते नाही.

नाव नको
माझा विरोध व्हिडिओला नाही, त्याच्या पुढं जे येतं त्याला आहे. एकाने हौसेने चार क्लिप केल्या की वरून मेसेज येतो, सर्व शिक्षकांनी दर आठवड्याला लिंक भरावी. मग मागे पडलेलं पोरगं राहतं बाजूला, सगळे लिंक करण्यात दंग, काही जण तर यूट्यूबवरचंच कोणाचं तरी स्क्रीनवर चालवून रेकॉर्ड करतात आणि भरतात. आमच्याकडे एका सरांच्या क्लिपमध्ये मधेच बँकेचा ओटीपी झळकला आणि खाली बायकोचा मेसेज, येताना गॅसची टाकी बघा. तीच लिंक फॉर्मला जोडली, कोणी उघडून बघितलीच नाही, शेरा मात्र "उत्कृष्ट". आधीच निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशोब, त्यात हे अजून एक रजिस्टर.

तापीकाठचा मास्तर
नाव नको भाऊ, लिंक भरायच्या सक्तीला माझाही विरोधच. मी कुठंच भरत नाही, यूट्यूबवर पण टाकत नाही. (रेकॉर्डिंगच्या आधी डू नॉट डिस्टर्ब चालू करा रे, एवढं तरी करा.) धडगावकर, तुमचा मुद्दा मला पटला नाही पूर्ण. क्लिप गटावर टाकायलाच पाहिजे असं कोण म्हणतं? शाळेच्या एका टॅबमध्ये ठेवा, नेट लागत नाही. पोरगं ऊसतोडीवरून दोन-तीन महिन्यांनी परत आलं की त्याच्यासाठी अख्खा वर्ग थांबवून तुम्ही फळ्यावर परत शिकवू शकता का? तिथं ती क्लिप कामाला येते, न समजलं तर मागे घेऊन परत बघतं, लाज वाटत नाही. आणि पावरीत बोललेला अपूर्णांकाचा व्हिडिओ तुम्ही नाही केला तर कोण मुंबई-पुण्याहून येऊन करणार आहे?

धडगावकडचा
टॅब आहे, चार्जर नाही. पावरीचं म्हणता ते बरोबर, पण मी मूळचा चोपड्याचा, माझी पावरी ऐकून पोरं हसतात. सातवीतली एक मुलगी आहे, ती लहानांना भारी समजावते. तिचा आवाज घेतला तर चालेल, मी फक्त लिहीन.

भरीत पार्टी
बघा, हे झालं काम!! नाव मात्र तिचं टाकू नका कुठं.

निवृत्त हेडबाई
मुलीच्या आईला आधी विचारा. आणि तो टॅब शाळेतच ठेवा, कोणाच्या घरी जायला नको. तरी सांगते, पहिली-दुसरीला हे काही करू नका, त्यांना चिंचोके द्या हातात.